उसन्या अंगणातले क्रिकेट

पुस्तकांना जसे प्रकाशक असतात, तसेच संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांनाही असतात, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही ठाऊक नसते. खेळ रचणारी मंडळी एक, त्यावर पैसा लावून तो बाजारात आणणारी दुसरी. आणि या दोहोंच्या पलीकडे, कोणी न बोलावता येऊन बसलेली तिसरी मंडळी म्हणजे त्या खेळाचे चाहते. लेखक आणि प्रकाशक यांच्या तंट्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रकाशक आणि चाहता यांच्या व्यवहाराविषयी मात्र फारसे काही माझ्या वाचनात आलेले नाही. २००७ सालापासून मी हा व्यवहार करीत आले आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

आमचे घराणे मूळचे सातारकडचे. बाबा केंद्रीय सचिवालयात नोकरीस लागले आणि आम्ही दिल्लीकर झालो. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत माझे व धाकट्या भावाचे शिक्षण झाले. घरात मराठी, गल्लीत पंजाबी आणि शाळेच्या मैदानावर ज्या भाषेत भांडण लवकर मिटेल ती, असा आमचा त्रैभाषिक संसार होता. नेहरू प्लेसमधून सुटे भाग आणून एका ओळखीच्या मुलाने आम्हांला संगणक जोडून दिला, तेव्हा बाबांची कल्पना अशी होती की त्यावर मुले टंकलेखन शिकतील. मुले क्रिकेट खेळू लागली.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये ‘क्रिकेट ०७’ हा खेळ प्रकाशित केला. तो रचला होता कॅनडातील एच. बी. स्टुडिओज या संस्थेने. ज्या देशात क्रिकेट कोणी फारसे पाहत नाही, तेथे बसून हा खेळ घडविला गेला आणि तो वर्षानुवर्षे खेळला भारत-पाकिस्तानातील मुलांनी, ही मला आजही मोठी गमतीची गोष्ट वाटते. समालोचन होते रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचे. आमच्या पहाडगंजच्या खोलीत, खाली भाजीवाला ओरडत असताना, वर बेनॉसाहेबांचा तो संथ, सुसंस्कृत आवाज घुमत असे.

परंतु खेळ सुरू होताच एक विलक्षण प्रकार दिसून आला. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू आपापल्या खऱ्या नावांनी मैदानात उतरले. भारताचे खेळाडू मात्र कुठे अक्षर बदललेले, कुठे अक्षर जोडलेले, अशी विद्रूप नावे धारण करून आले. भाऊ ओरडला, “ताई, हा आपला सचिन नव्हेच!” कारण साधे होते. खेळाडूचे नाव, संघाचा पोशाख, मंडळाचे चिन्ह ही सर्व हक्काची, म्हणजेच पैशाची बाब असते. प्रकाशकाने ज्यांचे हक्क घेतले त्यांना नावे मिळाली. ज्यांचे घेतले नाहीत त्यांच्या नावांची मोडतोड करून कायद्यातून वाट काढण्यात आली. बाबा एवढेच म्हणाले, “सरकारी यादीत नाव चुकले तर निदान अर्ज करता येतो.”

हा अर्ज आम्ही स्वतःच मंजूर करून घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. खेळाच्या ज्या फाइलीत नावे साठविलेली असत ती उघडून सुधारण्याची युक्ती जगभरच्या हौशी मुलांनी शोधून काढली होती. भावाने ती आत्मसात केली, सुधारलेली फाइल मित्रांना दिली, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. आणि ती सर्वांना एका ठिकाणी मिळावी म्हणून आम्ही एक संकेतस्थळ उघडले. त्याचे वार्षिक भाडे माझ्या पहिल्या पगारातून भरले गेले आणि कागदोपत्री मालकी माझ्याकडे आली. भावाचे वय अठराच्या आत होते, एवढेच त्याचे कारण.

अशा सुधारणेला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत ठिगळ. परंतु या ठिगळांवर जी मेहनत घेतली जाई ती पाहिल्यावर तो शब्द उच्चारण्यास संकोच वाटावा. नावे सुधारणे ही तर नुसती सुरुवात होती. सचिन तेंडुलकरच्या बॅटवरील एम.आर.एफ.ची लाल अक्षरे, पॅडवरील रेघा, हेल्मेटवरील तिरंगा ही चित्रे खेळातून बाहेर काढून, रंगवून, पुन्हा जागच्या जागी बसविली जात. एप्रिल २००८ मध्ये आय.पी.एल. सुरू झाले, तेव्हा या खेळात त्याचा मागमूसही नव्हता. इंदूर, लखनौ, कराची आणि नागपूर येथील मुलांनी आठही संघांचे पोशाख रात्री जागून तयार केले. यांतील एकानेही दुसऱ्याला कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते, आणि कराचीचा मुलगा तर ज्या स्पर्धेचा पोशाख रंगवीत होता ती त्याच्या देशात भरणारही नव्हती.

सर्वांत मोठे तंटे होत ते गुणांवरून. प्रत्येक खेळाडूच्या फलंदाजीला, बचावाला, संयमाला आकड्यांत गुण द्यावे लागत. वीरेंद्र सेहवागच्या बचावाला किती गुण द्यावेत, यावर दिल्लीची मुले आणि मुंबईची मुले यांच्यात तीन आठवडे पत्रव्यवहार चालला होता. नजफगढच्या माणसाचा असा अवमान दिल्लीकर सहन करणे शक्य नव्हते. दिल्लीच्याच एका मुलाने २००८ च्या आरंभी असा हट्ट धरला की एकोणीस वर्षांखालील संघाचा कर्णधार विराट कोहली याला भारताच्या मुख्य संघात आताच घालून ठेवावे. इतरांनी त्याची पुष्कळ थट्टा केली. कोहलीचा पहिला एकदिवसीय सामना १८ ऑगस्ट २००८ रोजी दांबुला येथे झाला. आमच्या यादीत तो त्याच्या सहा महिने आधीपासून चौथ्या क्रमांकावर खेळत होता.

हे सर्व काम फुकट होते. ते फुकटच वाटले जावे, ही आमच्या मंडळींची एकमेव अट. अशा स्थितीत एके दिवशी भाऊ कॅनॉट प्लेसच्या पोटातील पालिका बाजारात गेला आणि एक तबकडी घेऊन आला. तिच्यावर मूळ खेळाची चोरटी नक्कल होती आणि तिच्या जोडीला आमच्या मुलांनी केलेले सारे पोशाख, साऱ्या बॅटी, साऱ्या याद्या! किंमत शंभर रुपये. वेष्टनावर आमच्या संकेतस्थळाचे नावही छापले होते, जणू काही आम्हीच ती विकावयास ठेवली होती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन दुकानदाराला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, ओरिजिनल कंपनीवाला नहीं आता लड़ने, आप आ गईं!”

त्याचे म्हणणे एका अर्थी खरे होते, आणि तेच आमच्या मुळावर येत होते. पालिका बाजार आणि नेहरू प्लेस ही दोन्ही नावे अमेरिकेच्या व्यापार-प्रतिनिधींच्या कार्यालयाकडून प्रसिद्ध होणाऱ्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत झळकलेली आहेत. परदेशी प्रकाशकाला आम्ही लिहावे की, भारतीय खेळाडूंची खरी नावे घाला, येथे लाखो मुले खेळतात. त्यावर त्यांनी उत्तर द्यावे की, खेळतात खरी, पण विकत घेत नाहीत. ज्या देशात खप नाही त्या देशाचे हक्क विकत घेण्यात कोणता व्यापार? आणि खरी नावे नसलेला खेळ पूर्ण किमतीला कोण विकत घेणार, हे आमचे प्रत्युत्तर. हा वाद वर्षानुवर्षे चालला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने संगणकासाठी क्रिकेटचा नवा खेळ पुढे काढलाच नाही. ‘क्रिकेट ०७’ मात्र मुलांनी दरवर्षी नवा संघ घालून जिवंत ठेवला.

पुढे आम्ही इतर कंपन्यांच्या खेळांविषयीही लिहू लागलो आणि प्रकाशकांची पत्रे येऊ लागली. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘प्रिय महोदय’ अशी असे. मी ती दुरुस्त करण्याचे लवकरच सोडून दिले. पहिले गंभीर पत्र एका परदेशी प्रकाशकाच्या वकिलांचे होते. आम्ही त्यांच्या खेळाचे चिन्ह पानाच्या माथ्यावर लावले होते आणि त्याच्या नावाचे एक स्वतंत्र दालनही काढले होते. ते सर्व सात दिवसांत काढून टाकावे, अन्यथा पुढील कार्यवाही केली जाईल, असा मजकूर होता. आई घाबरली. मुलीचे लग्न ठरत असताना घरी वकिलाचे पत्र यावे, हे तिला फार लागले. भाऊ म्हणाला, संकेतस्थळच बंद करून टाकू.

बाबांनी मात्र चष्मा लावला आणि पत्र तीनदा वाचले. मसुदे तयार करण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. “यांचे म्हणणे काय, यांचा हक्क काय आणि यांची इच्छा काय, हे तीन परिच्छेद वेगळे कर,” ते म्हणाले. “हक्क असेल तेवढेच मान्य करावयाचे. इच्छा ही त्यांची खाजगी बाब आहे.” भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका किंवा परीक्षण करण्यासाठी एखाद्या कृतीचा रास्त उपयोग करण्याची मुभा आहे, हे त्यांनी कोठून तरी शोधून काढले. त्यांच्या कार्यालयातील एका निवृत्त विधी अधिकाऱ्याने याहून जवळचे उदाहरण दिले, आणि ते नेमके दिल्लीचेच होते.

ओडिशातील धामरा येथे बंदर होत होते. त्या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. म्हणून ग्रीनपीस या संस्थेने निषेधादाखल ‘टर्टल व्हर्सेस टाटा’ नावाचा, जुन्या ‘पॅक-मॅन’च्या धर्तीचा एक छोटासा खेळ प्रसिद्ध केला. त्यात कासवाला टाटांच्या चिन्हापासून जीव वाचवीत पळावे लागे. टाटा सन्सने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावून दहा कोटी रुपयांची भरपाई मागितली आणि खेळावर मनाई हुकूम मागितला. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायालयाने तो देण्यास नकार दिला. टीका करण्यासाठी दुसऱ्याचे व्यापारचिन्ह वापरणे हे आपोआप त्याचे उल्लंघन ठरत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. आमची स्थिती कासवांइतकी करुण नव्हती. परंतु खेळाचे नाव घेतल्यावाचून खेळाविषयी लिहावे तरी कसे, हा प्रश्न तोच होता. आम्ही उत्तर पाठविले. चिन्ह काढतो, कारण ते शोभेचे आहे; नाव काढीत नाही, कारण त्यावाचून परीक्षण होत नाही; आणि हे संकेतस्थळ चाहत्यांचे असून कोणत्याही कंपनीशी संबंधित नाही, अशी ओळ माथ्यावर घालतो.

उत्तर आले नाही. पाच महिन्यांनी मात्र त्याच कंपनीच्या प्रसिद्धी विभागाकडून एक अत्यंत प्रेमळ पत्र आले. आपण आमच्या खेळासाठी करीत असलेल्या कार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत, सोबत चाहत्यांच्या उपयोगासाठी काही साहित्य धाडीत आहोत. ते साहित्य उघडून पाहिले तर तेच चिन्ह, पाच आकारांत! एका दालनाने काय काढून टाकावयास सांगितले ते दुसऱ्या दालनाला ठाऊक नव्हते. बाबांना याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही.

सर्वांचाच निकाल असा हसतखेळत लागत नाही. निंटेंडोच्या ‘मेट्रॉइड’ मालिकेतील एका जुन्या खेळाची नवी आवृत्ती एका चाहत्याने वर्षानुवर्षे खपून तयार केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये फुकट प्रसिद्ध केली. काही दिवसांतच कंपनीच्या हुकुमाने ती हटवावी लागली. याच्या उलट, ‘सॉनिक’ या खेळाच्या नव्या आवृत्त्या हौसेखातर करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील ख्रिश्चन व्हाइटहेडला सेगा कंपनीने काम दिले आणि २०१७ साली ‘सॉनिक मेनिया’ हा अधिकृत खेळ त्याच्या नेतृत्वाखाली तयार झाला. एकाच स्वभावाच्या दोन माणसांपैकी एकाच्या हाती नोटीस पडते आणि दुसऱ्याच्या हाती नोकरी. त्यात गुणवत्तेपेक्षा दाराआड कोण बसले आहे याचा भाग मोठा, असे माझे मत झाले आहे.

परंतु वकिलांच्या पत्रापेक्षा अवघड असते ते प्रेमाचे पत्र. खेळ बाजारात येण्यापूर्वी प्रकाशक परीक्षणासाठी एक प्रत फुकट पाठवितो. अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत अभिप्राय प्रसिद्ध करावयाचा नाही, अशी अट असते. तिला या धंद्यात ‘एम्बार्गो’ म्हणतात. अट स्वतः वाईट नाही. तिच्यामुळे सर्व परीक्षकांना सारखा अवधी मिळतो. पण जेव्हा ती वेळ विक्री सुरू होण्याच्या घटकेलाच ठेवलेली असते, तेव्हा आगाऊ पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाला सावध करण्याची वाटच बंद होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘ॲशेस क्रिकेट २०१३’ हा खेळ विक्रीस आला तो इतक्या सदोष अवस्थेत की प्रकाशकाने तो काही दिवसांतच मागे घेतला आणि पैसे परत करण्याचे जाहीर केले. सर्वच प्रकाशक एवढे करीत नाहीत.

आमच्याकडे एकदा एका कंपनीची अशी प्रत आली. क्षेत्ररक्षक सीमारेषेबाहेर धावत सुटत, पंच बाद फलंदाजाला नाबाद ठरवीत, आणि पावसाने थांबलेला सामना पुन्हा सुरू होतच नसे. मी तसे लिहिले आणि ठरलेल्या घटकेला प्रसिद्ध केले. तासाभरात कंपनीच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांचा दूरध्वनी आला. ते फार गोड बोलले. आपले जुने संबंध आहेत, थोडी सौम्य भाषा चालली असती. निदान पुढच्या सुधारणेपर्यंत हे परीक्षण मागे ठेवता येईल काय? मला त्या वेळी डोळ्यांपुढे दिसत होता आमचा एक वाचक. तो अकोल्याच्या एका महाविद्यालयात शिकत होता आणि त्याने दोनच दिवसांपूर्वी विचारले होते, “दीदी, तीन महिने पैसे साठवले आहेत, घेऊ का?” परीक्षण जागेवर राहिले. त्या कंपनीकडून पुन्हा प्रत आली नाही. तेव्हापासून तिचा प्रत्येक खेळ आम्ही गाठीचे पैसे घालून घेतो, आणि खरे सांगावयाचे तर त्यामुळे लिहिताना हात अधिक मोकळा चालतो. फुकट मिळालेल्या प्रतीचा उल्लेख परीक्षणाखाली करण्याचा शिरस्ता बाबांनी पहिल्यापासून घालून दिला होता. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय मार्गदर्शनात अशी फुकट वस्तू जाहीर करणे आवश्यक असल्याचे जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट झाले, तेव्हा त्यांनी ते कात्रण जपून ठेवले.

घरात खरा वाद झाला तो निराळ्याच पत्रावरून. पैसे लावून खेळावयाच्या क्रिकेटच्या एका धंद्याने आमच्या पानावर दुवा आणि एक कौतुकाचा लेख मागितला होता. महिन्याला जी रक्कम देऊ केली होती ती आमच्या वर्षाच्या भाड्याहून अधिक होती. भाऊ तोपर्यंत गुरुग्रामला चांगल्या नोकरीत होता. पण संकेतस्थळ चालविण्यात माझी ओढाताण होते हे तो पाहत होता. “ताई, एक दुवा दिल्याने कोण बुडणार आहे?” तो म्हणाला. मी म्हटले, आपले निम्मे वाचक शाळेत आहेत. तो रागावून जेवण टाकून गेला आणि दोन महिने आमचे बोलणे जेमतेम होते. असे लेख मागणारी पत्रे पुढेही येत राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने मंजूर केला आणि आमचा टपालाचा भार एकाएकी हलका झाला. भावाने त्या दिवशी दूरध्वनी केला. जुन्या विषयाचे नाव दोघांनीही काढले नाही.

चांगले प्रकाशक आणि रचनाकार भेटले नाहीत असे मात्र मुळीच नाही. मेलबर्नच्या बिग अँट या संस्थेने २०१४ साली ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ काढला. मूळ खेळ बाजारात येण्यापूर्वीच तिने खेळाडू व संघ तयार करण्याचे साधन चाहत्यांच्या हाती दिले. हक्क नाहीत म्हणून आम्ही खरी नावे घालू शकत नाही. तुम्ही घाला, आम्ही जागा करून देतो, असा त्याचा अर्थ. सात वर्षे आम्ही जे मागच्या दाराने करीत होतो त्यासाठी कोणीतरी पुढचे दार उघडले होते. नावांच्या या प्रश्नाला दिल्ली उच्च न्यायालयात पुढे आणखी एक वळण मिळाले. खेळाडूंची नावे व त्यांची आकडेवारी वापरणाऱ्या एका संगणकीय खेळाविरुद्धच्या खटल्यात, ही माहिती सर्वांसमोर असलेली आहे, तिच्या वापरावर कोणाचा सर्वस्वी हक्क सांगता येत नाही, असे मत एप्रिल २०२३ मध्ये अंतरिम निर्णयात नोंदविले गेले. सेहवागच्या बचावाचे गुण ठरविणाऱ्या आमच्या मुलांना हे वाचून जो आनंद झाला तो वर्णन करणे कठीण!

आता क्रिकेटचे संगणकीय खेळ आपल्याकडेच घडतात. चेन्नईच्या नेक्स्ट वेव्हचा ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ आणि पुण्याच्या नॉटिलस मोबाइलचा ‘रिअल क्रिकेट’ हे भ्रमणध्वनीवर खेळले जातात. पुण्याच्या या संस्थेत २०२५ साली क्राफ्टन या कोरियन कंपनीने मोठा हिस्सा विकत घेतला. भारतात विकत घेणारे नाहीत असे ज्यांना वाटत होते, त्यांना यातून उत्तर मिळाले असेल. आमच्याकडे येणारी पत्रेही बदलली आहेत. आता निदान ‘प्रिय महोदया’ असे लिहितात.

गेल्या वर्षी एका प्रकाशकाने आमची पंधरा वर्षांची यादी मागितली. देशांतर्गत स्पर्धांतील शेकडो खेळाडूंचे गुण, कोण डाव्या हाताने टाकतो, कोण पाय पुढे टाकून खेळतो, हे सर्व त्यांना त्यांच्या खेळासाठी हवे होते. मोबदलाही देऊ केला होता. यादी माझ्या एकटीची नसल्याने मी जुन्या मंडळींना विचारले. त्यांनी पैसे नकोत म्हणून सांगितले. खेळाच्या शेवटी जी श्रेयनामावली झळकते तिच्यात आपली नावे असावीत, एवढीच मागणी केली. प्रकाशकाच्या वकिलांनी ती मान्य केली, पण टोपणनावे चालणार नाहीत, प्रत्येकाचे खरे नाव आणि स्वाक्षरी हवी, असे कळविले. त्यामुळे गेले चार महिने मी स्वाक्षऱ्या गोळा करीत आहे. एकूण अकरा जण. इंदूरचा मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी कागद पाठविला. नागपूरच्या मुलाने आपल्या नावाचे स्पेलिंग दोनदा तपासून घेण्यास बजावले आहे, आणि त्याला ते बजावण्याचा पुरेपूर अधिकार आहे. कराचीच्या मुलाची स्वाक्षरी येथील कंपनीला चालेल की नाही, याची विचारणा मी केली असून उत्तराची वाट पाहत आहे. उरलेल्यांपैकी दोघांची टोपणनावेच तेवढी आमच्याजवळ आहेत. त्यांचे जुने पत्ते बंद पडले आहेत. त्या दोघांसाठी मी संकेतस्थळाच्या माथ्यावर निवेदन लावले आहे. बाबांनी आता नव्वदी जवळ केली आहे. मसुदा त्यांनीच तपासून दिला.